सणाचे दिवस एकट्याने, घरी: शांतपणे आणि समाधानाने कसे घालवावेत

सणासुदीत घरी एकटं राहण्याची वेळ अनेक कारणांनी येते. कुणाला सुट्टी मिळत नाही, कुणी नव्या गावात नुकतंच राहायला आलेलं असतं, कुणाच्या घरातलं माणूस गेलेलं असतं, कुणाचं घरच्यांशी पटत नाही. आणि कुणाला वर्षभराच्या धावपळीनंतर फक्त दार लावून निवांत बसायचं असतं. कारण कुठलंही असलं तरी असा सण आपोआप चांगला जात नाही. घर माणसांनी भरलेलं असतं तेव्हा दिवस पुढे ढकलायला बरेच हात असतात. कुणी उठवतं, कुणी जेवायला हाक मारतं, पाहुणे येतात आणि बघता बघता रात्र होते. एकट्याच्या घरात हे काम आपल्यालाच करावं लागतं, त्यामुळे काही गोष्टी आधी ठरवून ठेवाव्या लागतात. त्या थोड्याच आहेत, पण सणाच्या दिवशी सकाळी ठरवू म्हटलं तर जमत नाहीत.

आधी स्वतःशी स्पष्ट व्हा

पहिला प्रश्न असा: एकटं राहणं तुम्हाला हवंय, की ते तुमच्या वाट्याला आलंय? दोन्हींत फरक पडतो. थुई-वी गुयेन, रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना साधारण पंधरा मिनिटं एकटं बसवलं होतं. तेवढ्या वेळात त्यांच्या तीव्र भावना उतरल्या. राग, अस्वस्थता तर कमी झालीच, पण उत्साह आणि आनंदाचा जोरही ओसरला. म्हणजे एकांत मनाचा आवाज एकूणच खाली आणतो. ज्यांनी एकटं राहणं स्वतःहून पत्करलं होतं, त्यांना त्यातून विसावा मिळाला आणि ताणही हलका झाला.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, एकट्याने केलेल्या सणाकडून गर्दीतल्या सणासारख्या उधाणाची अपेक्षा धरू नका. तो आनंद मंद असतो आणि उशिरा लक्षात येतो. दुसरी, एकटं राहणं तुम्ही निवडलेलं नसेल तरी त्या दिवसातलं बरंच काही निवडता येतं. कधी उठायचं, काय शिजवायचं, कुणाशी बोलायचं, सणातलं काय करायचं आणि काय सोडायचं, हे सगळं तुमच्याच हातात आहे. म्हणून एका कागदावर दोन ओळी लिहा: ‘या दिवसांत मला काय हवंय’ आणि ‘मला काय नकोय’. उत्तरं खरी असू देत. ‘झोप हवीय’ हे चांगलं उत्तर आहे. ‘त्या एका नातेवाइकाचे प्रश्न नकोत’ हेही चांगलंच उत्तर आहे. पुढची सगळी आखणी या दोन ओळींवरून करायची.

लोकांना सांगणं

हे काम बहुतेकजण टाळतात आणि त्याचाच त्रास सर्वांत जास्त होतो. सणाच्या दिवशी दर अर्ध्या तासाने ‘मग, कुठे आहेस? एकटाच? का?’ असे फोन येत राहिले तर शांतता कुठली मिळायची! म्हणून चार-पाच दिवस आधीच सांगून टाका. सांगताना तीन गोष्टी बोलण्यात आल्या की पुढचे प्रश्न बरेच कमी होतात: तुम्ही घरीच आहात, तुम्ही ठीक आहात, आणि तुम्ही स्वतः अमुक वेळी फोन करणार आहात.

घरातल्या मोठ्यांना असं सांगता येईल: ‘मावशी, यंदा मी घरीच थांबतेय. तब्येत छान आहे, काळजी करू नकोस. सणाच्या दिवशी सकाळी दहा वाजता मीच फोन करते, तेव्हा निवांत बोलू.’ यात सगळ्यात जास्त काम ती दहाची वेळ करते. काळजी करणाऱ्या माणसाला धरायला काहीतरी मिळतं. मग दहाला फोन न चुकता करा. एकदा वेळ पाळली की पुढच्या वर्षी तुमच्या शब्दावर विश्वास बसलेला असतो.

मित्रमैत्रिणीने बोलावलं आणि जायचं नसेल तर नकाराबरोबर दुसरी तारीख द्या. ‘यंदा मला जरा शांत राहायचंय रे, पण पुढच्या शनिवारी नक्की भेटू, जमेल का?’ नुसता नकार माणसाला लागतो. तारीख दिली की त्याला कळतं, नको होता तो गोंगाट, तो स्वतः नव्हे. ऑफिसातल्या लोकांना ‘घरीच आहे, आराम’ एवढं पुरतं. त्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

खोटी कारणं देऊ नका. आजारी आहे म्हटलं की विचारपूस सुरू होते, बाहेरगावी आहे म्हटलं की दिवे लावायचीही चोरी होते. सगळा सण ते खोटं सांभाळण्यात जातो.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. मनातून कुणीतरी बोलवावं असं वाटत असेल तर ते बोलून दाखवा. ‘सणाला मी एकटीच आहे, तासभर येऊ का?’ हे विचारणं जड जातं हे मला माहीत आहे. पण पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं की आपण आठवणीने संपर्क केला तर समोरच्याला किती बरं वाटतं, याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो. संपर्क अनपेक्षित असेल तर समोरच्याला त्याचं अप्रूप जास्त वाटतं.

आणि एक माणूस असा निवडा ज्याला खरी परिस्थिती ठाऊक असेल. भाऊ, मैत्रीण, शेजारी, कुणीही. मन बिघडलं तर वेळ न बघता फोन करता येईल असं माणूस. त्याला आधीच सांगून ठेवा: ‘त्या दिवशी संध्याकाळी कदाचित फोन करेन, उचल हं.’

चार दिवस आधीची कामं

ही पटकन उरकण्यासारखी आहेत. रोजची औषधं आठवड्याला पुरतील एवढी आणून ठेवा, कारण सुट्टीत दुकानं बंद असतात आणि डॉक्टरही गावाला गेलेले असतात. धान्य, दूध, भाज्या, स्वयंपाकाचा गॅस बघून घ्या. गळका नळ किंवा बिघडलेला दिवा असेल तर आताच दुरुस्त करून घ्या, सणात कारागीर मिळत नाही. घराची एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्या. वाचायची पुस्तकं, बघायचे चित्रपट, ऐकायची गाणी आधीच निवडून ठेवा. ऐन वेळी निवडायला बसलं की तासभर यादी वरखाली करण्यात जातो आणि शेवटी काहीच बघून होत नाही.

साफसफाईबद्दल माझं मत ठाम आहे: सगळं घर काढू नका. ज्या जागी तुम्ही सर्वांत जास्त वेळ बसणार आहात ती एक जागा आणि अंथरूण, एवढं लख्ख करा. धुतलेली चादर, रिकामं टेबल, खुर्चीजवळ चांगला उजेड. बाकीचं घर पुढच्या आठवड्यात करता येईल. एकट्याने अख्खं घर आवरून दमलेला माणूस सणाच्या दिवशी चिडचिडा होतो, आणि त्याच्या हातात चहाचा कप द्यायलाही कुणी नसतं.

सण किती ठेवायचा

एकटं असलं की दोन टोकांची ओढ लागते. एक म्हणजे ‘कुणासाठी करायचं?’ म्हणत सगळंच सोडून देणं. दुसरं म्हणजे लहानपणी घरात व्हायचं ते सगळं एकट्याने, तसंच्या तसं करायला जाणं. पहिल्याने दिवस कोरडा जातो आणि दुसऱ्याने रात्रीपर्यंत पाय दुखून येतात आणि घरच्यांची आठवण अधिकच टोचते.

मधला मार्ग असा: तुमच्या घरच्या सणातल्या सगळ्या गोष्टी कागदावर उतरवा. पदार्थ, सजावट, पूजाअर्चा किंवा प्रार्थना, कपडे, भेटीगाठी, जे जे असेल ते. मग प्रत्येकीपुढे स्वतःला विचारा, ‘हे नाही केलं तर मला चुकल्यासारखं वाटेल का?’ बहुतेक गोष्टींपुढे उत्तर ‘नाही’ येतं. दोन किंवा तीन गोष्टी उरतात. त्या मात्र पूर्ण मनाने, नीट, वेळ देऊन करा. सजावट एकाच कोपऱ्यात, पण सुंदर. प्रार्थना छोटी, पण घाई न करता. नवे कपडे घेतले असतील तर घाला, कुणी बघणार नसलं तरी. उरलेल्या गोष्टी यंदापुरत्या सोडल्या, असं स्वतःला स्पष्ट सांगा. ‘राहूनच गेलं’ ही रुखरुख त्यामुळे लागत नाही.

मुख्य दिवस

रोजच्या वेळेलाच उठा. सुट्टी आहे म्हणून दुपारपर्यंत झोपलं तर रात्री झोप येत नाही आणि पुढचे दोन-तीन दिवस विस्कटतात. उठल्यावर तासाभरात बाहेर पडून थोडं चालून या. ढगाळ दिवशीही बाहेरचा प्रकाश घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, आणि सकाळी डोळ्यांवर पडलेल्या त्या प्रकाशाने शरीराचं घड्याळ जागेवर राहतं. शिवाय रस्त्यात भेटणाऱ्या दोघा-चौघांशी हसून बोलणं होतं, त्यानेही दिवस बदलतो.

दिवसात तीन खुंट्या ठोका, जास्त नकोत. सकाळी एक (ठरवलेली प्रार्थना किंवा तो दहाचा फोन), दुपारी एक (जेवण), संध्याकाळी एक. मधला वेळ मोकळा सोडा. दुपारी डुलकी लागली तर लागू द्या, अर्ध्या तासाचा गजर लावून. तासातासाचं वेळापत्रक केलंत तर ते मोडतं आणि मोडलं की उगाच अपराधी वाटतं.

संध्याकाळ

सगळ्या लेखात मला सर्वांत जास्त काळजी या वेळेची आहे. सकाळ सहसा सोपी जाते. दिवस मावळतो तेव्हा ठरवलेली कामं संपलेली असतात, अंग थकलेलं असतं, शेजारच्या घरांतून हसण्याचे आणि भांड्यांचे आवाज येऊ लागतात आणि फोनवर सगळ्यांच्या घरचे फोटो झळकायला लागतात. हे सगळं एकाच वेळी होतं. दिवस छान गेलेल्या माणसाचाही याच दोन-तीन तासांत बांध फुटतो.

म्हणून दिवसातली सगळ्यात आवडती गोष्ट सकाळी संपवू नका, संध्याकाळसाठी राखून ठेवा. आणि तिच्यात हाताला काम हवं. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. त्यात माणसांना रिकाम्या खोलीत, हाताशी काहीही न देता, फक्त स्वतःच्या विचारांसोबत पंधरा मिनिटं बसवलं. सोबत विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण होतं. अठरापैकी बारा पुरुषांनी आणि चोवीसपैकी सहा स्त्रियांनी ते बटण स्वतःवरच दाबलं. नुसतं विचार करत बसणं किती अवघड जातं, ते यावरून कळतं. तेव्हा ‘शांत सण’ म्हणजे रिकामं बसणं असा अर्थ घेऊ नका. विणकाम, चित्र, जुने फोटो अल्बममध्ये लावणं, कुंड्यांची माती बदलणं, हाताने पत्र लिहिणं, वाद्य वाजवणं, सावकाश स्वयंपाक करणं, यातलं काहीही चालेल. फक्त ते तुम्हाला आधीपासून येत असावं. नवं कौशल्य शिकायला ही वेळ वाईट, कारण जमलं नाही की मन लगेच खट्टू होतं.

क्रम साधारण असा ठेवा. अंधार पडायच्या आत घरातले दिवे लावा. अंधारात बसून राहिल्यावर उठून दिवा लावायलाही जीवावर येतं. अंघोळ करून कपडे बदला. गाणी किंवा रेडिओ सुरू करा, म्हणजे बाहेरचे आवाज यायला लागायच्या आधी घरात आपला आवाज असेल. मग हातातलं काम. मध्ये एक ठरलेला फोन, शक्यतो ज्याच्याशी बोलून हसू येतं अशा माणसाला. मग ठरल्या वेळी जेवण, आणि त्यानंतर आधीच निवडलेलं पुस्तक किंवा चित्रपट.

एवढं करूनही भरून आलं तर येऊ द्या. ‘सणाच्या दिवशी रडू नये’ असा धाक स्वतःला घालू नका. पाणी प्या, गच्चीत किंवा दारात जाऊन उभे राहा, त्या एका माणसाला फोन करा. मात्र त्या रात्री कुणालाही लांबलचक मेसेज पाठवू नका, विशेषतः जुन्या भांडणाचा किंवा तक्रारीचा. एकाकीपणावर आयुष्यभर काम केलेले शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो सांगत की एकाकीपणा हा भूक किंवा तहानेसारखाच शरीराचा इशारा आहे, पण तो जागा झाला की आपण समोरच्याच्या वागण्यात धोका शोधायला लागतो. उत्तराला उशीर झाला तर तो नकार वाटतो, साध्या वाक्यात टोमणा दिसतो. म्हणून मनात असेल ते लिहून काढा, जपून ठेवा आणि सकाळी नाश्ता झाल्यावर वाचा. तेव्हाही पाठवावंसं वाटलं तर पाठवा.

फोन आणि फोटो

शुभेच्छांच्या मेसेजना दिवसातून एकदा, एका बैठकीत उत्तरं द्या. इतरांचे फोटो बघायचे असतील तर सकाळी, पोट भरलेलं असताना बघा. संध्याकाळी आणि अंथरुणात नको. आणि जवळच्या चार-पाच जणांना मेसेजऐवजी खरोखर फोन लावा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०२१ च्या अभ्यासात लोकांना वाटत होतं की बोलणं अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात तसं काही झालं नाही, आणि ज्यांनी आवाज ऐकला त्यांना लिहून बोलणाऱ्यांपेक्षा जास्त जवळीक वाटली. फोन लावताना यादीत एक नाव असंही घाला ज्याचा सण तुमच्यासारखाच एकट्याने चाललाय. असं कुणी ना कुणी असतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहापैकी एका माणसाला एकाकीपणा जाणवतो.

जेवण

सणाचा एक पदार्थ करा, एकच, पण तुमचा सर्वांत आवडता. चिरणं, निवडणं, वाटणं आदल्या दिवशी उरकलं तर सणाच्या दिवशी शिजवण्याची फक्त मजा उरते. जेवायला बसताना चांगलं ताट काढा, बसूनच जेवा, ओट्याशी उभं राहून नको. थोडं जास्त करून शेजारी नेऊन द्या. द्यायला जाणं म्हणजे पाच मिनिटांची भेटही होते, आणि निघायची वेळ तुमच्या हातात राहते.

उरलेल्या अन्नाची काळजी घ्या, कारण एकट्याच्या घरात अन्न नेहमी उरतंच. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. लहान डब्यांत घालून फ्रिजमध्ये, पाच अंशांच्या खाली ठेवा. गरम करताना वाफाळेपर्यंत, आतपर्यंत गरम करा. सणात एकट्याने पोट बिघडून घेणं फार वाईट. मद्य घेत असाल तर संध्याकाळच्या त्या अवघड वेळेत घेऊ नका. त्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते, आणि पहाटे तीनला जाग आली की एकटेपणा फार मोठा दिसतो.

पेटता दिवा किंवा मेणबत्ती पडद्यांपासून लांब ठेवा आणि झोपण्यापूर्वी विझवा. घरात दुसरं कुणी बघणारं नाही.

माणूस गेल्यानंतरचा पहिला सण

ही वेगळी परिस्थिती आहे. वरचं बरंचसं इथे लागू पडतं, पण सगळं नाही. अनेकांना प्रत्यक्ष सणापेक्षा आदले दिवस जड जातात, कारण त्या दिवशी काय होईल याची धास्ती असते. त्यावर एक गोष्ट उपयोगी पडते: गेलेल्या माणसासाठी सणातली एक ठराविक वेळ आणि एक कृती राखून ठेवा. त्यांच्या आवडीचं गाणं लावा, त्यांच्या हाताचा पदार्थ करा, त्यांचा फोटो काढून समोर ठेवा, त्यांच्याबद्दल कुणाशी तरी बोला. आठवण दिवसभर कुठूनही येणारच आहे, पण तिला एक हक्काची जागा दिली की उरलेला दिवस थोडा सुसह्य होतो. त्यांचं कपाट आवरणं, वस्तू देऊन टाकणं ही कामं या दिवसांत काढू नका. आणि सण साजरा करावासा वाटला तर त्यात काहीही गैर नाही. नवे कपडे घातल्याने, हसल्याने त्यांच्यावरचं प्रेम कमी होत नाही.

उदासी सण संपल्यावरही दोन आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगणं नको असे विचार मनात आले तर सण संपायची वाट बघू नका. त्याच क्षणी त्या एका माणसाला फोन करा, त्याच्याकडे जा किंवा त्याला बोलवा, आणि मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. तो नंबर आजच शोधून फोनमध्ये साठवून ठेवा. ऐन वेळी शोधायचं बळ नसतं.

सुट्टी लांबलचक असेल तर

पहिले दोन दिवस नव्या मोकळेपणात जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरगळ येते. त्या दिवसासाठी घराबाहेरचं एक काम राखून ठेवा: बागेत जाणं, वाचनालय, देऊळ किंवा तुमचं जे श्रद्धास्थान असेल ते, एखाद्या संस्थेत दोन तास मदत. दिवसाआड बाहेर आणि दिवसाआड घरी, हा ताल बऱ्याच जणांना मानवतो.

शेवटच्या दिवशी सजावट स्वतःच्या हाताने उतरवा, डबे धुऊन ठेवा, ज्यांना तारीख दिली होती त्यांना ‘शनिवारी भेटतोय ना?’ असा मेसेज करा. मग पहिल्या दिवशी दोन ओळी लिहिलेला तो कागद काढा आणि त्याच्या मागे लिहा: काय छान झालं, कुठली वेळ जड गेली, पुढच्या वेळी काय वगळायचं. त्याचा फोटो काढून फोनच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या सणाच्या आठवडाभर आधीच्या तारखेला लावून ठेवा.